शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी आपल्या नळात: एनआरव्ही बसवला की भागतं का?

प्रश्न बेळगावातल्या अनगोळमधल्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा. त्यांच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो. आल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ, कधी गटारासारखा वास. गेल्या महिन्यात त्यांच्या ओळीतल्या तीन घरांत एकाच आठवड्यात जुलाब-उलट्या झाल्या. शेजारच्या अण्णांनी बोअरचा पाइप नळाच्या पाइपलाच जोडलाय. मध्ये एक व्हॉल्व्ह आहे, आणि "मोटर चालू करताना मी तो बंद करतो की" असं अण्णा सांगतात. ताईंचा प्लंबर म्हणतो, तुमच्या मीटरजवळ एक एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, टाकू, बास. ताई विचारतात, खरंच बास होईल का?

नाही होणार. आणि कारण अगदी साधं आहे, तरी प्लंबर मंडळी ते सांगत नाहीत. एनआरव्हीवर बाण असतो. बाणाच्या दिशेने पाणी जाऊ द्यायचं, उलट येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तुमच्या मीटरजवळ तो बसवला तर तुमच्या घरातलं पाणी गल्लीत जाणार नाही. अण्णांच्या बोअरचं पाणी आधी गल्लीच्या लाइनीत शिरतं आणि तिथून तुमच्याकडे येतं, म्हणजे बाणाच्या दिशेनेच येतं. एनआरव्ही त्याला दार उघडून देणार. तुमच्या खर्चाने गल्लीचं थोडं रक्षण होईल, तुमचं होणार नाही. इलाज अण्णांच्या अंगणात आहे, आणि तिथेही एनआरव्ही हा पहिला इलाज नाही.

मी ३४ वर्षं नळजोडणीची कामं केली, निम्मी शहरात आणि निम्मी खानापूर-निपाणीकडच्या गावांत. या विषयावर जेवढा गैरसमज पाहिला तेवढा दुसऱ्या कशावर नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

लोकांना वाटतं, लाइनीतलं पाणी टाकीकडून घराकडेच जाणार. पाण्याला असली काही सवय नसते. रेटा जास्त तिकडून कमी तिकडे ते जातं, आणि नळ जेव्हा दिवसाआड, चार दिवसांआड येतो तेव्हा रेटा कुठे जास्त हे दिवसातून अनेकदा बदलतं. उलटं जाण्याचे प्रकार दोन. एक ओढ, दुसरा रेटा.

ओढ समजायला पुस्तक नको. बॅरलमधून डिझेल काढताना आपण पाइपचं एक टोक बुडवतो, दुसरं तोंडात धरून एकदा ओढतो आणि खाली सोडतो. पुढे ते आपोआप येत राहतं. आता तुमची गल्ली डोळ्यांसमोर आणा. बेळगावातली गल्ली सहसा सपाट नसते, एका टोकाला चढ असतो. साडेसातला व्हॉल्व्हमन येतो, चावी फिरवतो, पाणी बंद. पण खालच्या टोकाच्या घरांचे नळ उघडेच असतात. लाइनीत उरलेलं पाणी तिकडे उतरत राहतं आणि मागे पोकळी होते. वरच्या टोकाच्या प्रत्येक उघड्या नळातून हवा आत ओढली जाते. नळ मोकळा असेल तर नुसती फुस्स फुस्स ऐकू येते, ती तुम्ही ऐकली असेल. त्या नळाला पाइप लावून टोक बादलीत, पिंपात, म्हशीच्या डोणीत बुडवलेलं असेल तर हवेऐवजी बादलीतलं, पिंपातलं, डोणीतलं पाणी जातं.

ही ओढ किती ताकदीची? समुद्रकाठी हवेचा दाब पाण्याचा १०.३ मीटर उंच खांब तोलून धरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, म्हणून आपल्याकडे तो आकडा साडेनऊ मीटरच्या जरा आत येतो. म्हणजे तीन मजल्यांइतकी उंची. गल्लीच्या दोन टोकांत तीन-चार मीटरचा उतार असला तरी पिंप रिकामं व्हायला तो भरपूर झाला.

हे मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते वडगावकडे, मागवाल्यांच्या वस्तीत. बरीच वर्षं झाली. एका घरी अंगणात सूत रंगवायचं काम चालायचं. नळाला रबरी पाइप, पाइपचं टोक रंगाच्या पिंपात तळापर्यंत. पाणी गेलं, पाइप तसाच राहिला. पुढच्या पाळीला उतारावरच्या तिसऱ्या घरातल्या काकूंनी मला हाक मारून कळशी दाखवली. पाणी फिकट गुलाबी, सरबतासारखं. आधी त्यांना वाटलं पोरांनी खोडी केली. मी वर चालत गेलो तेव्हा पिंप अर्धं रिकामं होतं आणि पिंपाच्या मालकाला आपला रंग कुठे गेला हेच कळेना. त्यानंतर कित्येक दिवस मी दर अंगणात पाइपचं टोक कुठे आहे हे बघत फिरायचो. बहुतेक टोकं बुडालेलीच असायची. फक्त त्या पाण्याला रंग नव्हता, म्हणून कुणी हाक मारली नाही.

दुसरा प्रकार रेट्याचा, आणि अण्णांचं प्रकरण त्यातलं आहे. आमच्या भाषेत दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक किलो प्रेशर. गल्लीत पाणी येतं तेव्हा बहुतेक वेळा अर्धा किलोसुद्धा नसतं, म्हणून तर लोक संप, म्हणजे जमिनीतली टाकी, खणतात. बोअरमधली मोटर पाणी पन्नास-साठ मीटर खोलीवरून उचलून वर पुन्हा गच्चीपर्यंत चढवते. त्या मोटरपुढे गल्लीची लाइन म्हणजे पोरखेळ. मध्ये एक व्हॉल्व्ह आहे, तो अण्णांनी विसरून उघडा ठेवला, नाहीतर त्याची चकती झिजली, की बोअरचं पाणी थेट रस्त्यात. मोटर नसली तरी तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतल्या टाकीचा रेटा साधारण एक किलो असतो. नळाचा पाइप सरळ त्या टाकीच्या बुडाला जोडलेला असेल, आणि अशी जोडणी मी शेकड्यांनी पाहिली आहे, तर रस्त्यातलं पाणी गेलं की टाकी रस्त्यात रिकामी होते. मालक म्हणतो, "टाकी गळते बहुतेक." गळत नसते, गल्लीला पाणी पाजत असते.

आता बोअरचं पाणी एवढं वाईट का? नेहमीच असतं असं नाही. पण दाट वस्तीतल्या बोअरच्या आसपास शोषखड्डे, जुने संडास, गटारं असतात, आणि त्या पाण्यात कोणी क्लोरीन टाकत नाही. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं शुद्ध केलेलं पाणी क्लोरीन घेऊन निघतं. त्यात असं पाणी मिसळलं की तो क्लोरीन घाणीशी झुंजण्यातच संपतो.

"मध्ये व्हॉल्व्ह आहे की" याबद्दल एक गोष्ट सांगतो. मोबाइल कंपनीचं नाव ज्या गावावरून पडलं ते फिनलंडमधलं नोकिया गाव. तिथल्या सांडपाणी प्रकल्पात, प्रक्रिया झालेल्या सांडपाण्याची लाइन आणि पिण्याच्या पाण्याची लाइन यांच्यामध्ये असाच एक व्हॉल्व्ह होता. २००७ च्या नोव्हेंबरअखेर तो उघडला गेला आणि उघडाच राहिला. दोन दिवसांत सुमारे ४५० घनमीटर सांडपाणी गावाच्या नळांत गेलं, आठ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. फिनलंडसारख्या देशात, शिकलेल्या कामगारांच्या हातून. अण्णांनी रोज सकाळी आठवणीने चावी फिरवण्यावर मी माझ्या नातवाचं पोट सोपवणार नाही.

अमेरिकेचं उदाहरण त्याहून जुनं. १९३३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन हॉटेलांच्या जुन्या, सदोष जोडण्यांतून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. आमांशाने सुमारे चौदाशे लोक आजारी पडले, ९८ दगावले. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले, त्यामुळे दोष पाण्यात आहे हे कळायलाच वेळ गेला. आपल्याकडच्या काविळीचंही तसंच होतं. इचलकरंजीत २०१२ साली साथ आली ती आपल्या भागात अजून लोकांच्या लक्षात आहे. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ दूषित पाणी प्याल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते, आणि पोटुशी बाईला ती जिवावर बेतू शकते. डॉक्टर नाव सांगेपर्यंत लाइनीतलं ते पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं. म्हणून माग काढायचा तर आजारावरून नव्हे, पाइपवरून काढायचा.

आता अण्णांच्या अंगणात काय करायचं ते. बोअर आणि नळ यांचा जोड तोडायचा. व्हॉल्व्ह बंद करून ठेवायचा असं नाही, कापून, तुकडा काढून, दोन्ही तोंडांना बूच मारायचं. भारतीय मानक आयएस २०६५ घरातल्या नळजोडणीबद्दल आहे, त्यातही पिण्याच्या पाण्याची लाइन दुसऱ्या कुठल्याही पाण्याच्या लाइनीला जोडायची नाही, असंच आहे. मग अण्णांनी दोन्ही पाणी वापरायचं कसं? दोन्ही पाइप संपाच्या तोंडाशी आणायचे आणि दोन्ही वरून मोकळे पडू द्यायचे. नळाचा वेगळा, बोअरचा वेगळा. संपात ते मिसळले तर ते अण्णांच्या घराचं गणित, रस्त्याचं नाही. पिण्यापुरतं पाणी हवं तर संपाच्या आधी नळाच्या लाइनीवर एक तोटी काढायची.

हे जे मोकळं पडणं आहे ना, त्याच्या पुढे सगळे व्हॉल्व्ह फिके. पाइपचं तोंड आणि खालचं पाणी यांच्यात हवा ठेवायची. हवेतून पाणी वर उडी मारत नाही, हवेत वाळूचा कण अडकत नाही, हवेची स्प्रिंग गंजत नाही. नियम असा की अंतर पाइपच्या आतल्या व्यासाच्या दुप्पट, आणि काही झालं तरी एक इंचापेक्षा कमी नाही. अर्ध्या इंची पाइपला एक इंच, पाऊण इंचीला दीड, एक इंचीला दोन. मी लोकांना चार बोटं सांगतो, कारण बोटं सगळ्यांकडे असतात आणि टेप प्लंबर विसरून येतो.

पण हे अंतर मोजायचं कुठून? इथे नव्वद टक्के कामं बिघडतात. संपात पाणी सध्या जिथे आहे तिथून नाही, बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, जिथे थांबतो तिथूनही नाही. संप काठोकाठ भरून वाहू लागला तर पाणी जिथपर्यंत चढेल, त्या काठापासून. बॉलकॉक कधीतरी अडकणारच आणि ओव्हरफ्लोचा पाइप कधीतरी पानांनी तुंबणारच. त्या दिवशीही नळाचं तोंड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. आणखी एक खोड: रात्री पाणी पडल्याचा आवाज येतो म्हणून लोक बॉलकॉकला पाइपचा तुकडा जोडून तो तळापर्यंत सोडतात. आवाज बंद होतो आणि अंतरही. हा तुकडा दिसला की मी विचारत नाही, काढून टाकतो. शिव्याही खाल्ल्या आहेत त्यापायी.

संपाबद्दल अजून एक. रस्त्यात प्रेशर नसतं म्हणून आपल्याकडे संपाचं तोंड जमिनीलगत, कधी जमिनीच्या खाली ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावचा पाऊस लागून राहिला की गटार अंगणात येतं आणि अंगण संपात. झाकणाचा कठडा अंगणापेक्षा निदान नऊ इंच उंच बांधा. ओव्हरफ्लो गटारात बुडवून ठेवू नका, वर मोकळा ठेवा आणि तोंडाला जाळी लावा.

आता बिचाऱ्या एनआरव्हीकडे येऊ, कारण मी त्याच्या विरोधात नाही. तो दुसरं कुलूप म्हणून चांगला. पण तो कसला असतो ते समजून घ्या. पितळी कवचात एक झडप. पुढून पाणी आलं की उघडते, मागून आलं की बसते. नवा असताना छान बसते. आपल्याकडे दर पाळीला लाइन रिकामी होऊन पुन्हा भरते, तेव्हा गंजाचे तुकडे, वाळू, लाल माती घेऊन पाणी धडकतं. एक कण बैठकीवर अडकला की झडप केसाएवढी उघडी राहते, आणि केसाएवढी फट पुरते. शिवाय झडप घट्ट बसायला मागून थोडा जोर लागतो. ओढ अगदी हलकी असेल तर साधी झडप नुसती टेकते, सील होत नाही. स्प्रिंगवाला थोडा बरा. आडव्या पाइपसाठीचा उभ्यात बसवला, बाण उलटा ठेवला, हे प्रकार तर मी सोडूनच देतो.

आणि तो चालतोय की नाही हे कोणी बघत नाही. बघणं सोपं आहे, फक्त बसवतानाच सोय करावी लागते. रस्त्याकडून आधी एक बंद करायचा व्हॉल्व्ह, मग टी टाकून एक छोटी तोटी, मग एनआरव्ही. तपासायचं तेव्हा पहिला व्हॉल्व्ह बंद करायचा, छोटी तोटी उघडायची. पाइपात अडकलेलं थोडं पाणी येऊन थांबलं तर एनआरव्ही ठीक. थेंब थेंब येतच राहिलं तर घराकडचं पाणी झडपेतून मागे येतंय. मात्र त्या वेळी घराच्या बाजूला पाणी भरलेलं असायला हवं, नाहीतर परीक्षेचा उपयोग नाही. दिवाळीची साफसफाई करतो तेव्हा हे करावं, आणि पावसाळ्याआधी एकदा.

हॉटेल, दूध डेअरी, गाडी धुण्याचं केंद्र, दवाखाना, लॅब, कारखाना असेल तर घरातला हिशोब चालत नाही. परदेशात अशा जागी एक खास यंत्र बसवतात. दोन एनआरव्ही एकामागे एक, मध्ये एक खोली, त्या खोलीतला दाब नेहमी रस्त्याच्या दाबापेक्षा कमी ठेवलेला. पहिला किंवा दुसरा गळू लागला, किंवा रस्त्यातला दाब पडला, की खोलीच्या बुडाची झडप उघडते आणि पाणी उलटं जाण्याऐवजी जमिनीवर सांडतं. कल्पना फार हुशार आहे. दरवर्षी शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्यावं लागतं, आणि खड्ड्यात बसवलं तर खड्डा भरल्यावर तेच पाणी आत घेतं. पण आपल्याकडे जिथे रोज लाइन रिकामी होते तिथे ते रोज सांडणार, आणि आठ दिवसांत कोणीतरी त्या झडपेला बूच मारणार. हे मी अंदाजाने नाही, एका कारखान्यात पाहून सांगतोय. म्हणून माझं मत: तुटक पुरवठ्याच्या गावात अशा जागांना जमिनीवर वेगळी टाकी, वरून मोकळं पडणारं पाणी, आणि पुढे त्यांची स्वतःची मोटर. दिसायला गावठी, पण फसत नाही.

मोटरचा विषय निघालाच. नळ आला की लाइनीला थेट टुल्लू लावून ओढणारी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. तो पंप नुसता शेजाऱ्याचं पाणी पळवत नाही. त्याने लाइनीत ओढ तयार होते आणि आजूबाजूचा प्रत्येक गळका सांधा उलटा काम करू लागतो, म्हणजे बाहेर गळायचं सोडून आत घेतो. जुन्या गल्ल्यांत घरजोडणीचा लोखंडी पाइप गटार ओलांडून, पुष्कळदा गटारातूनच जातो. पन्नास वर्षांचा पाइप, गंजून चाळणी झालेला. ताई, तुमच्या पहिल्या दहा मिनिटांच्या वासाचं कारण अण्णांचं बोअर असेल किंवा हे असेल, किंवा दोन्ही. वास गटाराचा आहे म्हणता, तर मी आधी गटारातला पाइप बघेन. मोटर लावायचीच असेल तर संपातून लावा, लाइनीतून नको.

गावाकडच्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊस, तंबाखू, भाजीपाला. औषध मारायचं असलं की १६ लिटरचा पंप किंवा दोनशे लिटरचं बॅरल नळाखाली आणतात, औषध आधी ओततात, मग नळाचा पाइप आत सोडून भरत बसतात, आणि मध्येच लाइट जाते. गावची मिनी टाकी रिकामी, लाइनीत पाणी नाही, पाइपचं टोक तणनाशकात. क्रम बदला: आधी पाणी भरा, पाइप बाहेर काढा, मगच औषध ओता. शक्यतो बादलीनेच भरा. ठिबकला युरिया सोडायचं यंत्र असतं त्या लाइनीला तर ग्रामपंचायतीच्या नळाचा पाइप एक दिवससुद्धा जोडू नका, बोअर आटलं म्हणून "आजच्यापुरतं" तर अजिबात नको. पाणी उकळून जंतू मरतात, औषध मरत नाही.

जलजीवन मिशनमध्ये घरोघरी जे नळ आले त्यांची तोटी काढून पाइप खोचलेला मी बऱ्याच अंगणांत पाहतो. तोटीला पाइप लावायचाच तर पाणी संपलं की काढून खुंटीला टांगा. नीरगंटीलाही, म्हणजे आपल्याकडच्या व्हॉल्व्हमनला, दोन गोष्टी सांगायच्या. लाइनीवर उंचवट्यावर जो एअर व्हॉल्व्ह असतो तो पाणी उतरताना हवा आत घेण्यासाठीच बनवलेला आहे. त्याचा चेंबर पावसाने, चिखलाने भरलेला असेल तर हवेऐवजी तो चिखल आत घेतो. खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावांत असे तुडुंब चेंबर पावसाळाभर दिसतात. चेंबरची कड उंच करणं आणि पाणी निघायला वाट देणं, एका दिवसाचं काम. आणि वॉशआउटचा, म्हणजे लाइन धुऊन रिकामी करायचा, पाइप ओढ्यात बुडालेला असेल तर त्याची कथा रंगाच्या पिंपासारखीच.

२४ तास पाणी आलं की हे सगळं मिटेल का? बरंचसं मिटतं. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यातल्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास २४ तास पाणी सुरू झालं. हुबळी-धारवाडात कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या भागांतलं नळाचं पाणी तपासलं. तुटक पुरवठ्याच्या भागात शंभरातल्या जवळजवळ ३२ नमुन्यांत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतला जंतू, सापडला. २४ तासवाल्या भागात शंभरात एकही धड नाही. सोडलेलं पाणी दोन्हीकडे शुद्ध केलेलंच होतं. फरक होता पाइप सदैव भरलेला असण्याचा. तुटक भागात पाणी आल्या आल्याचा पहिला लोंढा सगळ्यात घाण असतो हेही त्यांना दिसलं, जे आपल्या आया-आज्या सांगत आल्या: पहिली घागर झाडाला. पण २४ तासवाल्या भागातही लाइन फुटते, दुरुस्तीला बंद होते, आणि बोअरची मोटर रस्त्यापेक्षा जोरदारच असते. तिथे ओढ कमी होते, रेटा तसाच राहतो.

ताई, आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. सध्या पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी बागेला, अंगणाला सोडा. पिण्याचं उकळा, चांगलं खळखळ उकळू द्या, मिनिटभर पुरे. घरात थेट लाइनीवरचा नळ कोणता ते शोधा, बहुतेक अंगणातलाच असतो. त्याला लावलेला पाइप बुडवून ठेवायचा नाही. संडासातला जेट स्प्रे गच्चीच्या टाकीवर असेल आणि टाकीत पाणी वरून पडत असेल तर त्याची भीती रस्त्यापर्यंत जात नाही. थेट लाइनीवर असेल तर आजच बदला.

आणि माग काढायचा तर भांडण करून नाही, मोजून काढा. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, पेन काही शे रुपयांत मिळतो. तलावाचं पाणी मऊ असतं, बोअरचं बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे आकडा मोठा. नळ आल्याबरोबर पहिल्या बादलीत मोजा, मग दहाव्या मिनिटाला, मग अर्ध्या तासाने. आकडा आधी मोठा आणि नंतर खाली येऊन स्थिर झाला तर बहुतेक कुठलं तरी बोअर लाइनीत शिरतंय. आकडा बदलत नाही पण वास येतो, तर संशय गटारातल्या पाइपवर. क्लोरीन तपासायचा छोटा संच ग्रामपंचायतीत असतो, पालिकेच्या पाणी विभागातही मागा. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. रंग लगेच, दहा सेकंदांत बघायचा. नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा. गल्लीच्या वरच्या टोकापासून एकेका घरी तपासत खाली या. ज्या दोन घरांच्या मध्ये पिवळा रंग अचानक उडतो, तिथे खणायला सांगा. माझ्या हयातीत अशी तपासणी केली आणि खड्डा चुकीच्या जागी पडला असं दोनदाच झालं.

अण्णांकडे जाताना हे आकडे घेऊन जा, तक्रारअर्ज नंतर. त्यांना एवढंच सांगा की रस्त्यातून घाण ओढली जाते तेव्हा ती त्यांच्याही संपात पडते आणि त्यांच्या बोअरचं पाणी ते फुकट गल्लीला वाटतायत, त्याचं लाइट बिल त्यांनाच येतंय. कापायचा पाइपचा तुकडा हातभर आहे, दोन बूचं आणि संपापर्यंत एक नवा पाइप. अर्ध्या दिवसाचं काम. ते तयार झाले तर तुमच्या प्लंबरला तुमच्या मीटरजवळ न नेता तिकडेच पाठवा. नाही झाले तर तीन पाळ्यांचे आकडे, तारीख, वेळ, घर आणि किती मिनिटं गढूळ होतं हे एका कागदावर लिहून पाणी विभागात द्या. "पाणी घाण येतं" एवढ्यावर कोणी हलत नाही. "अमुक तारखेला सहा वाजून दहा मिनिटांनी ६४०, साडेसहाला ९०" असं लिहिलं की इंजिनिअरला कुठे जायचं ते कळतं.